एफएसएल, एसपीएम की ॲफनी? फाइल पाथच्या चुका समोर ठेवून केलेली तुलना

एफएमआरआयचं (मेंदूतल्या हालचाली टिपणाऱ्या स्कॅनचं) विश्लेषण शिकायला घेतलं की पहिला आठवडा बहुधा ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ या ओळीशी झटापट करण्यात जातो. जीएलएम (संख्याशास्त्रीय मॉडेल), स्मूदिंग (इमेज गुळगुळीत करणं) वगैरेची पाळी त्यानंतर येते. एफएसएल, एसपीएम आणि ॲफनी या तीन सॉफ्टवेअरपैकी कुठलं आधी शिकावं हे ठरवताना लोक अचूकता, लोकप्रियता, दिसायला सोपं कोणतं, हे विचारतात. नवख्यासाठी मात्र एक प्रश्न जास्त कामाचा आहे: हे सॉफ्टवेअर फाइलचा पत्ता कुठे लिहून ठेवतं, आणि तो चुकला की कसं सांगतं?

तुलनेसाठी तिघांनाही एकच डेटा देऊ या. ओपनन्यूरो या खुल्या डेटाच्या साइटवरचा फ्लँकर टास्कचा (आजूबाजूच्या खुणांनी विचलित न होता मधली खूण ओळखण्याच्या प्रयोगाचा) संच, क्रमांक डीएस०००१०२, यात २६ जण आहेत आणि प्रत्येकाचे दोन रन (स्कॅनच्या फेऱ्या). प्रत्येकाच्या फोल्डरमध्ये ‘ॲनॅट’ (मेंदूच्या रचनेची इमेज) आणि ‘फंक’ (टास्क चालू असतानाच्या इमेज) असे दोन उपफोल्डर. मांडणी बिड्स या मेंदूच्या डेटासाठीच्या प्रमाण पद्धतीची, त्यामुळे नावं लांबलचक असली तरी ठरलेल्या साच्यातली.

आधी डेटाच तपासा

हा संच डेटालॅड या डेटा उतरवण्याच्या साधनाने उतरवला असेल तर पहिला फटका इथेच बसतो आणि त्याचा दोष तिघांपैकी कुणाचाही नसतो. डेटालॅड सुरुवातीला फाइलींच्या जागी फक्त दुवे ठेवतं. ‘एलएस’ (फाइलींची यादी दाखवणारी कमांड) केलं की नाव दिसतं, पण उघडायला गेलं की फाइल नाही. ‘एलएस -एलएल’ ही कमांड दुव्याच्या पलीकडचं पाहते. तिने तक्रार केली तर ‘डेटालॅड गेट’ करून खरी फाइल आणा.

सुरुवात: प्रोग्रामच सापडत नाही

पाथ या शब्दाचे इथे दोन अर्थ आहेत आणि निम्मा गोंधळ त्यातूनच होतो. एक तुमच्या फाइलचा पत्ता. दुसरा टर्मिनल जिथे प्रोग्राम शोधतं त्या फोल्डरांची यादी. ‘कमांड नॉट फाउंड’ आलं की दुसरा बिघडलाय, ‘नो सच फाइल’ आलं की सहसा पहिला.

एफएसएलचा इन्स्टॉलर ‘एफएसएलडीआयआर’ हे चल (व्हेरिएबल) तुमच्या शेलच्या, म्हणजे टर्मिनलमध्ये कमांड वाचणाऱ्या प्रोग्रामच्या, प्रोफाइल फाइलमध्ये लिहितो. इन्स्टॉल झाल्यावर जुनीच टर्मिनलची खिडकी वापरत राहिलात तर काही चालणार नाही. नवी उघडा आणि ‘एको $एफएसएलडीआयआर’ करा. ओळ रिकामी आली तर प्रोफाइल वाचली गेलेली नाही. ॲफनीचे प्रोग्राम बहुधा घरच्या फोल्डरातल्या ‘एबिन’मध्ये असतात. ॲफनीकडे ‘ॲफनी_सिस्टिम_चेक’ नावाचा तपासनीस आहे. ‘चेक ऑल’ पर्याय देऊन चालवला की शेल कोणतं, पाथमध्ये काय, काय कमी आहे, असं सगळं एका दमात सांगतो. नवख्याला ही मोठी सोय.

एसपीएमचं प्रकरण वेगळं, कारण ते मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरच्या आत राहतं. ‘अनडिफाइन्ड फंक्शन’ आलं तर एसपीएमचं फोल्डर मॅटलॅबच्या यादीत नाही. ते घालताना फक्त वरचं एक फोल्डर घाला. ‘ॲड विथ सबफोल्डर्स’ हे बटण हाताशी असतं आणि मोहही होतो, पण त्यामुळे आतल्या फोल्डरांतल्या जुन्या, त्याच नावाच्या फंक्शन पुढे येतात आणि भलत्याच ठिकाणी एरर येऊ लागतात. एसपीएमची दोन व्हर्जन असतील तर ‘विच एसपीएम’ विचारून नक्की कोणतं चालतंय ते बघा.

फाइल समोर आहे, तरी दिसत नाही

या बाबतीत एसपीएम नवख्याला सर्वांत जास्त छळतं. एसपीएम१२ जीझेडने दाबलेली (कॉम्प्रेस केलेली) निफ्टी फाइल, म्हणजे मेंदूच्या इमेजची फाइल, वाचत नाही, आणि निवडीच्या खिडकीतला फिल्टर तिला यादीतूनच गाळतो. त्यामुळे एरर येतच नाही. फोल्डर रिकामं दिसतं आणि माणूस दुसऱ्या फोल्डरांत शोधत बसतो. आधी ‘गनझिप’ करा. त्यानंतर दुसरा पेच: रनमधला एकच व्हॉल्यूम (एका वेळची पूर्ण मेंदूची इमेज) दिसतो, नावापुढे ‘,१’ लागलेला. खिडकीतल्या ‘फ्रेम्स’च्या चौकटीत १ लिहिलेलं असतं, त्याचा हा परिणाम. फ्लँकरच्या एका रनमध्ये १४६ व्हॉल्यूम आहेत. तिथे ‘१:१४६’ टाका, मग सगळे निवडता येतील. हे विसरून पुढे गेलात तर एकाच व्हॉल्यूमवर रिअलाइन (डोकं हलल्याची दुरुस्ती) होईल आणि कुणी हटकणार नाही.

एफएसएल याच्या उलट टोकाला आहे. तिथे एक्स्टेन्शन लिहिलं नाही तरी चालतं, ते स्वतः शोधून घेतं. नाही मिळालं तर ‘नो इमेज फाइल्स मॅच’ म्हणतं आणि पुढे तुम्ही दिलेला पत्ता जसाच्या तसा छापतं. तो पत्ता उचलून ‘एलएस’ला द्यावा, चूक तिथल्या तिथे सापडते. ही सवलत एकदाच अंगावर येते: मॅकवर जीझेड फाइलवर डबल-क्लिक केलं की शेजारी उघडलेली निफ्टी तयार होते, एका नावाच्या दोन फाइली होतात, आणि एफएसएल ‘मल्टिपल पॉसिबल फाइलनेम्स’ म्हणून अडून बसतं. एक हलवा, संपलं.

ॲफनीची स्वतःची फाइल जोडीने येते, ‘हेड’ आणि ‘ब्रिक’. एक कॉपी करून दुसरी विसरली की डेटासेट उघडत नाही. नावाच्या शेवटचं ‘+ओरिग’ किंवा ‘+टीएलआरसी’ हा नावाचाच भाग आहे. इमेज कुठल्या अवकाशात आहे (त्या माणसाच्या मूळ की प्रमाण साच्याच्या) ते त्यावरून कळतं. मॅकवाल्यांना आणखी एक चकवा आहे. ॲफनीत फाइलच्या नावापुढे चौकटी कंसात आकडा लिहून हवा तो व्हॉल्यूम मागता येतो. २०१९च्या कॅटालिनापासून मॅकचं मूळ शेल झेडशेल झालंय आणि ते हे कंस स्वतःसाठीच आहेत असं समजून ‘नो मॅचेस फाउंड’ म्हणतं. फाइल जागेवर असते, ॲफनीपर्यंत निरोपच गेलेला नसतो. पूर्ण नाव एकेरी अवतरणात घातलं की काम होतं.

पत्ता नक्की कुठे साठतो

निवडीच्या दृष्टीने खरा फरक इथे आहे.

एफएसएलच्या फीट या विश्लेषणाच्या प्रोग्राममध्ये खिडक्यांतून जे भरता ते ‘डिझाइन-डॉट-एफएसएफ’ या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये जातं, आणि त्यात प्रत्येक पत्ता मुळापासून पूर्ण लिहिलेला असतो: रनचा, टी१चा (रचनेच्या इमेजचा), टायमिंग फाइलींचा (टास्कच्या वेळांच्या), एवढंच काय, एमएनआय टेम्प्लेटचाही (मेंदूच्या प्रमाण साच्याचा). मित्राकडून ही फाइल आणून आपल्या लॅपटॉपवर चालवली तर पहिल्या तीन जागा लोक बदलतात आणि टेम्प्लेटची विसरतात. मग प्रीप्रोसेसिंग झाल्यावर रजिस्ट्रेशनपाशी (इमेज एकमेकींशी जुळवण्याच्या पायरीपाशी) गाडी अडते. ‘रेगस्टँडर्ड’ ही ओळ शोधून तिथे आपल्या एफएसएलचा पत्ता घाला. साधा मजकूर असल्याचा फायदाही मोठा: एकाचं डिझाइन झालं की ‘सेड’ या मजकूर बदलणाऱ्या कमांडने ‘सब-०१’च्या जागी ‘सब-०२’ करून बाकी २५ जणांच्या फाइली काही मिनिटांत होतात. मॅकवरच्या ‘सेड’ला ‘-आय’नंतर रिकामं अवतरण लागतं, तेवढं सांभाळा.

फीटची नावाबद्दल एक अटही आहे. कवटी काढलेल्या टी१च्या नावाशेवटी ‘_ब्रेन’ हवं, आणि बीबीआर (रजिस्ट्रेशनची एक पद्धत) वापरणार असाल तर कवटीसह मूळ इमेज त्याच फोल्डरात, तेच नाव पण ‘_ब्रेन’शिवाय. कवटी काढलेली इमेज वेगळ्या फोल्डरात ‘व्यवस्थित’ ठेवणाऱ्यांना इथे दणका बसतो.

एसपीएम हेच पत्ते ‘एसपीएम-डॉट-मॅट’मध्ये ठेवतं, आणि ती फाइल नोटपॅडमध्ये उघडून वाचता येत नाही. डेटा एका डिस्कवरून दुसरीवर हलवला की निकाल उघडताना जुनाच पत्ता शोधला जातो. यावर ‘एसपीएम_चेंजपाथ’ नावाचं फंक्शन आहे; त्याला फाइल, जुना पत्ता आणि नवा पत्ता द्यायचा. आधी फाइलची प्रत काढा. बॅच खिडकीत मात्र ‘डिपेंडन्सी’ची सोय आहे: आधीच्या पायरीचं आउटपुट पुढच्या पायरीला नावानिशी न सांगता जोडता येतं. त्यामुळे प्रत्येक पायरी फाइलच्या नावापुढे लावते ती ए, आर, डब्ल्यू, एस ही उपसर्गांची माळ हाताने लिहावी लागत नाही. बॅच चालवल्यावर ‘अनरिझॉल्व्ड डिपेंडन्सीज’ आलं तर बहुतेक वेळा एखादी चौकट रिकामी असते; डाव्या यादीत ज्या पायरीपुढे ‘<-एक्स’ दिसतंय तिथे बघा.

मॅटलॅबमध्ये स्क्रिप्ट लिहायला लागलात की एक खास चूक वाट पाहत असते. पत्ते चौकटी कंसात एकाखाली एक रचले आणि त्यांची लांबी वेगळी असली (एकात ‘९’, दुसऱ्यात ‘१०’) तर मॅटलॅब मापं जुळत नाहीत म्हणतं. एरर वाचून पाथची शंकाही येत नाही. महिरपी कंस वापरा.

ॲफनीची पद्धत मला तिघांत सर्वांत प्रामाणिक वाटते. ‘ॲफनी_प्रॉक’ला एक लांब कमांड दिली की ती शेकडो ओळींची टीसीशेल या शेलमधली स्क्रिप्ट लिहून देते. सुरुवातीलाच ती सगळ्या मूळ फाइलींच्या प्रती निकालाच्या फोल्डरात घेते आणि नंतर तिथेच बसून काम करते. म्हणून पत्ता चुकला असेल तर पहिल्या काही ओळींतच कळतं, तीन तासांनी नाही. तोटा असा की टीसीशेल आज फारसं कुणी शिकत नाही. नेहमीच्या बॅश शेलमध्ये ‘एक्स्पोर्ट’, टीसीशेलमध्ये ‘सेटएन्व्ह’. एकाची ओळ दुसऱ्यात डकवली की ‘कमांड नॉट फाउंड’.

तेच पुन्हा चालवलं तर?

शिकताना एकच गोष्ट दहादा चालवावी लागते, म्हणून हे महत्त्वाचं. ॲफनीची स्क्रिप्ट निकालाचं फोल्डर आधीच असेल तर थांबते. चिडचिड होते, पण सुरक्षित. फीट थांबत नाही. फोल्डरच्या नावाला ‘+’ जोडून नवं करतं, मग ‘++’. गटाच्या विश्लेषणात तुम्ही सवयीने बिन-अधिकाचं फोल्डर निवडता, जे मुळात फसलेलं किंवा जुन्या सेटिंगचं असतं. फसलेली फोल्डर लगेच पुसत चला.

एसपीएम सर्वांत धोकादायक. प्रीप्रोसेसिंगच्या फाइली तो निमूटपणे जुन्यांवर लिहितो, आणि रिअलाइन किंवा कोरजिस्टरचा (दोन प्रकारच्या इमेज जुळवण्याचा) ‘एस्टिमेट’ मूळ फाइलच्या हेडरमध्येच फेरफार करतो. दुसऱ्या खेपेला तुमची सुरुवात मूळ डेटापासून होतच नाही. प्रत्येक खेपेला कच्च्या डेटाची ताजी प्रत घ्या.

विंडोजवर बसलेल्यांसाठी

एसपीएम विंडोजवर थेट चालतं. एफएसएल आणि ॲफनीला डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स, बहुधा उबंटू, चालवण्याची सोय) लागतं, आणि तिथे ‘सी’ ड्राइव्हचा पत्ता ‘/एमएनटी/सी’ने सुरू होतो. एक्स्प्लोररमधून उचललेला उलट्या स्लॅशचा पत्ता तसाच डकवला तर बॅश ते स्लॅश गिळून टाकतं. ‘डब्ल्यूएसएलपाथ’ ही कमांड भाषांतर करून देते, फक्त पत्ता एकेरी अवतरणात द्या. त्याहून बरं म्हणजे डेटा उबंटूच्या घरच्या फोल्डरातच हलवा, वेगही वाढतो.

लॅपटॉप घेताना युजरनेम म्हणून नाव-आडनाव मध्ये जागा सोडून लिहिलं असेल तर प्रत्येक पत्त्यात ती जागा येते, आणि एफएसएल तिथे पत्ता तोडून दोन तुकडे समजतं. संस्थेच्या खात्याच्या वनड्राइव्हखालच्या डेस्कटॉपचंही तेच, त्या फोल्डरच्या नावातच जागा असते. फोल्डरची नावं इंग्रजी छोट्या अक्षरांत, जागा न सोडता ठेवा. देवनागरी नाव हौस म्हणून ठीक, इथे नको.

आणि एक भूत: नोटपॅडमध्ये नव्याने लिहिलेली स्क्रिप्ट चालवली की पत्ता अक्षरशः बरोबर असूनही ‘नो सच फाइल’. विंडोज ओळीच्या शेवटी एक अदृश्य चिन्ह जास्त घालतं, ते फाइलच्या नावाला चिकटतं. ‘डॉसटूयुनिक्स’ फिरवा. पीडीएफमधून डकवलेल्या कमांडमधली वळणदार अवतरणं आणि लांब डॅशही अशीच फसवतात.

मग कोणतं घ्यावं

संस्थेकडे मॅटलॅबचं लायसन्स आहे, मशीन विंडोजचं आहे आणि टर्मिनल कधी पाहिलेलं नाही: एसपीएम. फक्त पहिल्या दिवसापासून खिडकीतली बॅच स्क्रिप्ट म्हणून जतन करा, म्हणजे पत्ते कुठेतरी वाचता येतील. लायसन्स नसेल तर एसपीएमची स्वतंत्र आवृत्ती मॅटलॅब रनटाइमवर चालते, पण शिकायला ती अडचणीची.

मॅक किंवा लिनक्स असेल, किंवा डब्ल्यूएसएलची तयारी असेल, तर एफएसएल. एरर सरळ बोलतात, एफएसएफ फाइल डोळ्यांनी वाचता येते, आणि खिडकीतून स्क्रिप्टकडे जाण्याची पायरी छोटी आहे. आमचा कल नवख्यासाठी इकडेच.

बॅश थोडंफार येत असेल आणि प्रत्येक पायरीत काय होतं ते बघायचं असेल तर ॲफनी. पहिले चार दिवस जड जातील.

फ्रीसर्फर या स्पर्धेत नाही, त्याचं काम कॉर्टेक्सच्या पृष्ठभागाचं. पण पुढे लागणारच, म्हणून एवढंच: ‘सब्जेक्ट्स_डीआयआर’ आपल्या फोल्डरकडे वळवल्याशिवाय ‘रिकॉन-ऑल’ ही त्याची मुख्य कमांड सुरू करू नका. ते मूळ इन्स्टॉलच्या फोल्डरकडे पाहतं आणि तिथे लिहायची परवानगी बहुधा नसते.