रजोनिवृत्तीतील हुडहुडी: घरगुती काळजी, बिगर-हार्मोन औषधे की हार्मोन उपचार?

रजोनिवृत्तीच्या काळात अचानक हुडहुडी भरत असेल, तर उपाय निवडण्याआधी एक गोष्ट आठवडाभर टिपून ठेवावी: थंडी अंगातून गरम वाफा येऊन गेल्यावर वाजते, की वाफा आलेल्या नसतानाही वाजते? पुढची सारी तुलना या उत्तरावर अवलंबून आहे.

इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन कमी होऊ लागले की शरीराचे तापमान सांभाळणारे मेंदूतील केंद्र, म्हणजे हायपोथॅलॅमस, नको तितके हळवे होते. एरवी ज्याची दखलही घेतली नसती अशा किरकोळ बदलाला ते उष्मा समजते आणि घाम फोडते, आणि घाम वाळताना अंग गार पडले की तेच केंद्र स्नायूंना थरथरायला लावून ऊब निर्माण करू पाहते. म्हणजे अशा वेळी थंडीच्या आधी येणारी वाफ आवरायला हवी.

घरगुती काळजीत धोका जवळजवळ नाही. एका जाड दुलईऐवजी दोन-तीन पातळ पांघरुणे घ्यावीत, कारण दुलईची ऊबच पुढची वाफ ओढवू शकते. उशाशी कोरडे कपडे ठेवावेत आणि ओले कपडे लगेच बदलावेत. त्याने थरथर लवकर थांबते, मात्र वाफांच्या झटक्यांची संख्या घटेलच असे नाही. संज्ञानात्मक वर्तन उपचाराने, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणाऱ्या समुपदेशनाने, त्रासाची तीव्रता आणि झोपमोड कमी होते, म्हणून तो मला या गटात सर्वांत मोलाचा वाटतो.

वाफा आणि घाम आटोक्यात आणण्यात हार्मोन उपचार, म्हणजे कमी झालेले इस्ट्रोजेन औषधातून देणे, सर्वाधिक परिणामकारक आहे. वय 60 च्या आत असेल किंवा पाळी थांबून 10 वर्षे झाली नसतील आणि अन्य अडचण नसेल, तर बहुतेक स्त्रियांना त्यात धोक्यापेक्षा लाभ अधिक असतो. गर्भाशय असल्यास इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टोजेन हे दुसरे हार्मोन घ्यावेच लागते. पॅच किंवा जेलमध्ये रक्ताच्या गुठळ्यांचा धोका तोंडी गोळीपेक्षा कमी असतो. स्तनाचा कर्करोग, गुठळ्या, पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका होऊन गेला असेल, तर सहसा हा मार्ग टाळतात.

अशा स्त्रियांसाठी बिगर-हार्मोन औषधे आहेत. व्हेनलाफॅक्सिनसारखी नैराश्यावरील औषधे कमी मात्रेतही वाफा घटवतात, पण मळमळ होऊ शकते. गॅबापेंटिनने गुंगी येते, त्यामुळे रात्रीच्या त्रासाला ते अधिक सोयीचे. पॅरोक्सेटिन हे नैराश्यावरील औषध मात्र स्तनाच्या कर्करोगावरील टॅमॉक्सिफेनचा परिणाम कमी करू शकते, म्हणून टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या स्त्रियांनी आपली सर्व औषधे डॉक्टरांना आवर्जून सांगावीत. अमेरिकेत 2023 साली मान्यता मिळालेले फेझोलिनेटंट थेट तापमान-केंद्रातील चेतापेशींवर काम करते, तथापि त्यासोबत यकृताच्या रक्ततपासण्या कराव्या लागतात.

हे सारे उपचार मुख्यतः वाफांवर आणि घामावर तपासले गेले आहेत. नुसत्या थंडीवर त्यांची परीक्षा फारशी झालेली नाही. म्हणून वाफांपाठोपाठ थंडी येऊन झोप उडत असेल आणि वरील अडचणी नसतील, तर मी हार्मोन उपचाराचा विचार आधी करीन. त्रास अधूनमधून होत असेल, तर घरगुती काळजीवरच थांबेन. वाफांशिवाय सतत थंडी वाजत असेल, तर थायरॉइड आणि हिमोग्लोबिनची तपासणी होईपर्यंत यांपैकी कोणतेही औषध सुरू करू नये. थंडीसोबत ताप किंवा लघवीला जळजळ असेल, तर तो संसर्ग असू शकतो. तेव्हा त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.