सर्व्हरचा ‘रोजचा बॅकअप’ विकणाऱ्यापासून सावध

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखानदारांनो, ‘व्हर्च्युअल मशीनचा (कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरनं चालणाऱ्या दुसऱ्या कॉम्प्युटरचा) बॅकअप लावून देतो’ म्हणत कुणी दारात आलं तर आधी हे वाचा. आमच्या टॉवेलच्या कारखान्यात टॅली, स्टॉक, हजेरी सगळं एकाच सर्व्हरवर. ‘मालक, हा डबा जळाला तरी अर्ध्या तासात जसाच्या तसा दुसऱ्या कॉम्प्युटरवर उभा करतो,’ असं सांगून अशाच एकानं वडिलांकडून वर्षाचे 18,000 रुपये नेले.

डेमो झकास. लॅपटॉपवर आमचाच डेस्कटॉप, आमचीच टॅली. ते होतं मात्र रिमोट डेस्कटॉप, म्हणजे चालू सर्व्हरच लॅपटॉपवर दिसत होता. डेमो बघायचाच तर सर्व्हरची लॅनची वायर काढायला लावा. शिवाय विंडोजचं सिस्टिम इन्फर्मेशन उघडा. हायपर-व्हीवरची (विंडोजमधल्या, व्हर्च्युअल मशीन चालवायच्या सॉफ्टवेअरवरची) मशीन असेल तर सिस्टिम मॉडेलपुढे ‘व्हर्च्युअल मशीन’ लिहिलेलं असतं.

ऐन मार्चएंडला सर्व्हरच्या दोन डिस्कवर एकच डेटा लिहिणारा रेड कंट्रोलर गेला. (दोन डिस्क आहेत म्हणजे बॅकअप आहेच, हे ज्ञानही त्याचंच. चुकून उडवलेली फाइल दोन्हींवरून उडते.) त्याचा फोन बंद. त्यानं दिलेल्या पोर्टेबल डिस्कवर दर महिन्याचं फोल्डर, प्रत्येकात एक व्हीएचडीएक्स फाइल (म्हणजे अख्ख्या डिस्कची प्रत), आणि सगळ्यांचा आकार शेवटच्या बाइटपर्यंत सारखा! रोज बिलं पडतात त्या सर्व्हरचा? चुलतभावानं फाइल हायपर-व्हीत लावली तर बूटच होईना. सर्व्हर यूईएफआयवाला (नव्या पद्धतीनं बूट होणारा), मशीन केलेली जनरेशन 1 (जुन्या बायोस पद्धतीची). जनरेशन 2 केली तशी सुरू झाली. टॅलीतलं शेवटचं व्हाउचर दिवाळी बोनसचं.

‘लायसन्स’चे पैसे घेतलेलं सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर पडलं होतं: डिस्क2व्हीएचडी. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्सचं, फुकट मिळणारं. चालू मशीनची प्रत काढायला चांगलं आहे, त्याचा दोष नाही. पण रोज प्रत हवी तर शेड्यूल वेगळं लावावं लागतं. या पठ्ठ्यानं एकदाच काढली आणि तीच फाइल नव्या नावाच्या फोल्डरांत टाकत राहिला.

विक्री ई-इन्व्हॉइस आणि जीएसटीआर-1 (विक्रीचं विवरणपत्र) वरून परत चढवली, सुताची खरेदी जीएसटीआर-2बी (पुरवठादारांनी भरलेल्या बिलांची यादी) वरून जुळवली. कारागिरांच्या उचली मात्र ज्याला त्याला विचारूनच लिहाव्या लागल्या. त्याच्या बिलावरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला तर नोंदणी रद्द झालेली. पोलिसांत अर्ज दिलाय. असंच बिल आणखी कुणाकडे असेल तर कळवा, अर्जाला जोडता येईल.