सळयांच्या टोप्या: लातूरच्या साईटवर उन्हाळा-पावसाळा काढल्यावरचा अनुभव

बांधकामातल्या उभ्या सळयांच्या टोकावर बसवायच्या नारिंगी प्लास्टिकच्या टोप्या घ्याव्यात का, असं ओळखीचे ठेकेदार अधूनमधून विचारतात. उत्तर आधीच देतो. घ्या. पण माणूस वरून सळईवर पडला तर टोपी त्याला वाचवेल, या भरवशावर घेऊ नका. विकणारा हे सांगत नाही. पाकिटावर मात्र मोठ्या अक्षरात ‘सेफ्टी’ लिहिलेलं असतं.

आमचं काम लातुरात, शिकवण्यांच्या भागात. मुलींचं वसतिगृह, तळमजला आणि वर तीन मजले. कॉलमला बहुतेक बारा आणि सोळा मिलिमीटरचे गज म्हणजे सळया, खाली काही ठिकाणी वीसचे. फुटिंगच्या म्हणजे पायाच्या वेळी टोप्या आणल्या, तेव्हा थंडी सरत आली होती. आता पावसाळा संपत आलाय, म्हणजे मराठवाड्याचं ऊनही झालं आणि पाणीही झालं.

पहिल्या दिवशी मुकादम म्हणाला, “साहेब, लोखंडाला टोप्या घालायलाव, आन् आमाला?” बोलणं खोटं नव्हतं. हेल्मेट ऑफिसच्या खोलीत धूळ खात होती, ती त्याच दिवशी बाहेर काढली.

टोपीचा खरा उपयोग कुठे झाला, ते सांगतो. स्लॅब पडला की वरच्या मजल्याच्या कॉलमसाठी सळया सोडलेल्या असतात. सोळाच्या गजाला वरच्या गजाशी जोड जाडीच्या पन्नास पट धरला तर ८०० मिलिमीटर होतात, म्हणजे अडीच फुटांच्या थोडं वर. उभ्या माणसाच्या ते मांडीला-कमरेला येतं आणि वाकलेल्या माणसाच्या थेट तोंडासमोर. गजांभोवती आडव्या रिंगा बांधणारा फिटर दिवसभर वाकलेलाच असतो. त्याचं लक्ष हातातल्या तारेवर असतं आणि शेजारच्या गजाचं टोक डोळ्यापासून वीतभर लांब. मशीनवर कापलेल्या टोकाला पटाशीसारखी धार राहते. इथे टोपी सोन्यासारखी आहे. टोक बोथट होतं, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ते दिसतं. करड्या स्लॅबवर करडा गज उन्हात नजरेला येत नाही, नारिंगी ठिपका येतो.

दुसरा फायदा माझ्या डोक्यातही नव्हता, तो बायांनी सांगितला. डोक्यावर घमेलं घेऊन चालणाऱ्या बाईला पायाखालचं दिसत नाही, आणि साडीचा पदर किंवा काष्टा गजात अडकला की तोल जातो. दोन-चार कॉलमच्या टोप्या फिटरांनी काढून ठेवल्या, तर एक मावशी येऊन म्हणाल्या, “दादा, त्या फिटरला सांगा, टोप्या काढू नको म्हनावं. लुगडं फाटतंय.” त्या दिवसापासून टोप्यांवर माझ्यापेक्षा त्यांचंच लक्ष जास्त.

तिसरी जागा क्युरिंगची. स्लॅबवर आळी करून पाणी साठवलेलं असतं, शेवाळ धरलेलं असतं, आणि पाणी मारणारं पोरगं हातात पाईप घेऊन मागे-मागे सरकत असतं. मागे गजांचा झुबका. ही जागा साईटवर सगळ्यात वाईट असं माझं मत, कारण मोठी माणसं तेव्हा वर नसतातच.

आता तक्रारी.

माप. पाकिटावर आठपासून वीसपर्यंत चालेल असं लिहिलं होतं. बारा-सोळावर आतल्या पाकळ्या घट्ट धरतात. आठ-दहावर टोपी भोवऱ्यासारखी फिरते आणि वैशाखात वावटळ आली की शेजारच्या प्लॉटवर जाते. वीसच्या गजावर ठोकून बसवावी लागते, मग काढताना फाटते. बारीक गजावर सिमेंटच्या रिकाम्या पोत्याची पट्टी दोन वेढे गुंडाळून वर टोपी दाबली की बसते. हा शोध आमच्याच एका बिगाऱ्याचा.

ऊन. पहिला लॉट स्वस्तातला, एका टोपीला कट चहाएवढेही पैसे पडले नव्हते. मे संपेपर्यंत रंग उडून फिकट झाला आणि तोंडाशी उभ्या चिरा पडल्या. भंगार प्लास्टिक पुन्हा वितळवून केलेला माल असावा. दुसरा लॉट थोडा महाग घेतला, तो पावसाळ्यातही धड राहिला. घेताना टोपीची कड बोटांनी दुमडून बघा. पांढरी रेघ उमटली तर सोडून द्या.

काँक्रीट. कॉलम भरताना रस उडून टोपीत जातो आणि आत घट्ट होतो. त्याच संध्याकाळी पाण्यात टाकली तर निघतो, दुसऱ्या दिवशी टोपी गेली.

पण या सगळ्यापेक्षा मोठी अडचण टोपीत नाहीच, ठेक्यात आहे. रिंगा गजात वरूनच ओवाव्या लागतात, त्यामुळे टोपी काढल्याशिवाय फिटरचं काम होत नाही. आमच्याकडे फिटरला टनावर पैसे. टोपी काढून परत घालण्याचा एक पैसाही त्या भावात नाही, मग तो का घालील? ओरडून दोन दिवस फरक पडतो. शेवटी पाणी मारणाऱ्या पोराला रोजाच्या वर थोडे पैसे लावून दिले. प्रत्येक मजल्यावर एक बादली, काढलेली टोपी बादलीत, आणि सुट्टी व्हायच्या आधी पोरगं फिरून सगळ्या बसवतं. तेव्हापासून सुरळीत आहे. दिवाळीच्या आसपास आमची बीडकडची निम्मी माणसं ऊसतोडीला जातील, नवी टोळी येईल आणि हे सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल, ते वेगळं.

आता पडण्याबद्दल. साधी गोल टोपी ओरखड्यासाठी असते. माणूस उंचीवरून आला तर गज प्लास्टिक फोडून वर येतो, किंवा टोपीसकट अंगात जातो. अमेरिकेत, जिथे कामगार सळयांवर पडू शकतो तिथे त्या अशा झाकायच्या की त्या अंगात घुसण्याचा धोकाच उरू नये, असा ओशाचा, म्हणजे तिथल्या सरकारी कामगार-सुरक्षा खात्याचा, नियम आहे. कॅलिफोर्निया राज्याचा नियम तर मापच देतो: उंचावर काम चालू असेल तर टोपी किमान चार इंच बाय चार इंच, गोल असेल तर साडेचार इंच व्यासाची, आणि २५० पौंड म्हणजे साधारण ११३ किलो वजन दहा फुटांवरून टाकलं तरी गज आरपार येता कामा नये. त्या टोप्यांच्या आत पोलादी पट्टी असते. आपल्या बाजारातली पाकिटातली साधी टोपी हातात घेतली की कळतं, तिला या परीक्षेला बसवण्यातही अर्थ नाही.

म्हणून जिथे वरून पडण्याची शक्यता आहे, म्हणजे जिन्याची मोकळी जागा, लिफ्टचा खड्डा, परांचीच्या खालची रांग, तिथे आम्ही टोप्यांवर थांबलो नाही. सेंट्रिंगच्या, म्हणजे काँक्रीटच्या साच्याच्या, जाड फळ्या उलट्या पन्हाळीसारख्या जोडून गजांच्या रांगेवर उपड्या ठेवल्या आणि बायंडिंग तारेने आवळल्या. फळी एकाच गजावर टेकवू नका, कलंडते. एमआयडीसीतल्या फॅब्रिकेटरकडून पाईपच्या तुकड्यावर चार इंची प्लेट वेल्ड करून थोड्या लोखंडी टोप्याही करून घेतल्या. प्लास्टिकपेक्षा बऱ्या, पण वजन टाकून तपासलेल्या नाहीत, म्हणून त्यांच्या जिवावर स्लॅबच्या कडेचा कठडा काढला नाही. कठडा आधी, फळी नंतर, टोपी शेवटी.

टोकं वाकवून ठेवा, असंही कुणी सुचवतं. पुढे तीच सळई सरळ करून जोड द्यायचा असेल तर नको. एकदा वाकवून पुन्हा सरळ केलेल्या गजावर आमचे इंजिनिअर भरवसा ठेवत नाहीत, आणि ते बरोबर आहे. दारूच्या किंवा पाण्याच्या बाटल्या उपड्या घालणं ही आपली जुनी पद्धत. लांबून दिसतं एवढाच फायदा. काच तर घालूच नका.

घरमालकांसाठीही थोडं. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर आमच्या भागात दगड-मातीच्या भिंतींवरचा विश्वास उडाला, ज्याला जमेल त्याने कॉलमचं घर बांधलं. आणि पुढे मजला चढवू म्हणून गच्चीवर सळया सोडल्या. कित्येकांच्या त्या तशाच उभ्या आहेत. त्याच गच्चीवर कुरडया वाळतात, पोरं पतंग उडवतात, उन्हाळ्यात सगळं घर झोपतं. अशा सळयांना सिमेंटचं पाणी द्या आणि वर टोपी घाला. टोपीने गंज थांबत नाही, पण रात्री उठलेल्या माणसाचा डोळा वाचतो. पोरं खेळत असतील तर नुसत्या टोप्या नकोत, गजांच्या झुबक्याभोवती चार फुटांपर्यंत विटांचं कच्चं बांधकाम करून घ्या.

बांधकाम कामगार मंडळाच्या पेटीत हेल्मेट, बूट मिळतात, मग वेगळा खर्च कशाला, असंही मला ऐकवलं गेलं. ती पेटी माणसाच्या अंगावरची. उघडा गज ठेकेदाराचा, तो झाकायचा खर्चही त्याचाच.

साईटवरच्या प्रत्येकाला माहीत हवी अशी एक गोष्ट: सळई अंगात घुसली तर ओढून काढायची नाही. माणसाला हलू न देता १०८ ला फोन करायचा, आणि गज मोकळा करायचाच असेल तर अंगाबाहेर, लांबून कापायचा. आतला तुकडा दवाखान्यातच निघेल. साधं खरचटलं असलं तरी धनुर्वाताचं इंजेक्शन चुकवू नका.

पुढच्या कामाला महागाच्या लॉटमधल्याच घेणार, त्याही बारा-सोळाच्या मापाच्या. आठ-दहासाठी वेगळी लहान टोपी मिळते का ते बघतोय. वीसच्या गजांना सरळ फळी.