मॅक्युलर डीजनरेशन, भिंग आणि तिरकी नजर: दिवाळीपासूनचा अनुभव

वय चौऱ्याहत्तर. दोन्ही डोळ्यांत मॅक्युलर डीजनरेशन, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग खराब होणं. उजव्यात ओलं (स्राव होणारं), डाव्यात कोरडं. इंजेक्शनांनी उजव्या डोळ्यातला स्राव थांबला, पण मधोमध डाग राहिलाच. ज्याच्याकडे बघावं तेच गायब, आजूबाजूचं मात्र दिसतं. इंजेक्शनं घेतली तिथे "आता आणखी काही करण्यासारखं नाही" म्हणाले. लो व्हिजन क्लिनिक, म्हणजे उरलेली नजर वापरायला शिकवणारी जागा, असतं हे पुढे भाचीकडून कळलं. तोवर मी वाचणं सोडून दिलं होतं, आणि याचा मला आजही राग येतो.

क्लिनिकमध्ये भिंग नंतर, आधी नजर. पडद्याचा मधला भाग गेला तरी भोवतालचा शाबूत असतो. त्यातला बरा तुकडा शोधून त्याने पाहायची सवय लावायची. समोर घड्याळाची तबकडी आहे असं समजून नजर बारावर, तीनवर, सहावर न्यायची आणि मधलं अक्षर कधी उमटतं ते सांगायचं. माझं बारावर उमटलं. म्हणजे ओळीच्या किंचित वर बघितलं की ओळ दिसते. ऐकायला सोपं आहे, पण नजर हट्टाने परत मध्यावर येते. सुरुवातीला दहा मिनिटांत डोकं जड व्हायचं. संक्रांतीच्या सुमारास कधीतरी ते आपोआप व्हायला लागलं. नजर जागेवर ठेवून कागदच डावीकडे सरकवायचा, ही युक्ती सगळ्यात उपयोगी पडली.

भिंग वीस डायॉप्टरचं, म्हणजे साधारण पाचपट, दिवा असलेलं आणि पायांवर उभं राहणारं. कागदावर टेकलेलं असतं, त्यामुळे हात थरथरला तरी अक्षर हलत नाही. वाचायचा चष्मा मात्र लावावाच लागतो. एका वेळी चार-पाच अक्षरंच मावतात. डोळा भिंगाच्या अगदी जवळ नेला तर थोडी जास्त. ताकद वाढवावी तसं भिंग लहान होत जातं, म्हणून "सगळ्यात मोठं करणारं द्या" म्हणू नका. मराठी वाचताना आणखी एक अडचण: रफार, अनुस्वार वर आणि उकार खाली, त्यातलं एखादं निसटतं आणि शब्द भलताच लागतो. काळ्या पुठ्ठ्याला एका ओळीएवढी खाच पाडून ती ओळीवर ठेवली की ओळ चुकत नाही. बँकेत सही करायलाही तोच पुठ्ठा नेते.

आता रोज अग्रलेख वाचते, सावकाश. कादंबरी नाही जमत, ती ऐकते.

घरात केलेले बदल स्वस्त आणि गुणकारी. दिवा डोक्यावरचा नको, बाजूने कागदावर पडणारा हवा. भात गडद ताटात वाढायचा. गॅसच्या बटणांवर उठावाच्या टिकल्या चिकटवल्या आहेत. नोटांसाठी रिझर्व्ह बँकेचं 2020 साली आलेलं मणी ॲप आहे, कॅमेऱ्यासमोर नोट धरली की रक्कम बोलून सांगतं.

एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण बायका ती लपवतात. मला संध्याकाळी भिंतीवर जाळीची नक्षी, कधी अनोळखी माणसं दिसायची. डोकं फिरलं असं वाटून घरात बोलले नाही. डॉक्टरांनी सांगितलं, हा चार्ल्स बोने सिंड्रोम. 1760 साली बोने यांनी आपल्या आजोबांच्या बाबतीत नोंदवलेला. नजर गेलेल्या भागात मेंदूच चित्रं भरतो, वेड नव्हे. दिवा लावला किंवा नजर भराभर इकडेतिकडे फिरवली की माझी चित्रं बहुधा जातात.

चेहरे अजून ओळखू येत नाहीत, त्यावर भिंगाचा उपयोग नाही. सोसायटीतल्या सगळ्यांना सांगून ठेवलंय, हाक मारताना आधी स्वतःचं नाव सांगा.