झुलिपवर आठ महिने : डिझाइनची चर्चा नक्की कुठे करायची?

आमचं प्रोजेक्ट छोटंसं, मराठी स्पेलचेकर, ओपन सोर्स, पाच-सहा टाळकी, त्यातला एक न्यू जर्सीला. आधी सगळं एका चॅट अ‍ॅपच्या फुकट प्लॅनवर चालायचं आणि तिथेच माती खाल्ली.

झालं असं, 'दऱ्या'मधला तो अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. एकतर ऱ चा पाय मोडायचा, नाहीतर साध्या र चा पाय मोडून पुढे न दिसणारा झेडडब्ल्यूजे (झीरो विड्थ जॉइनर, अक्षरं जोडायची खूण) टाकायचा. डोळ्यांना दोन्ही सेम, कॉम्प्युटरला वेगळे, म्हणून बरोबर शब्दाखाली लाल रेघ. तीन रात्री भांडून ठरवलं की डिक्शनरीत ऱ वालंच रूप ठेवायचं आणि दुसरं आलं की तपासायच्या आधी बदलून घ्यायचं. चार महिन्यांनी एका नवीन पोराने विचारलं, दोन्ही रूपं का नाही ठेवली? जुने मेसेज प्लॅनच्या लिमिटपलीकडे गेलेले, तेव्हा तसं का ठरवलं ते कुणालाच धड आठवेना, मग परत तीन रात्री भांडून त्याच जागी आलो.

मग झुलिप नावाचं टीमसाठीचं चॅट अ‍ॅप घेतलं. हे स्वतःच ओपन सोर्स आहे (ड्रॉपबॉक्सने 2014 ला विकत घेतलं, 2015 ला कोड खुला केला), ओपन सोर्सवाल्यांना क्लाउड होस्टिंग फुकट मिळतं. खरी गंमत म्हणजे चॅनेलच्या आत टॉपिक, म्हणजे एकाच ग्रुपमध्ये दर विषयाचा वेगळा धागा. जर्सीवाला सकाळी उठतो तेव्हा इथे संध्याकाळ, त्याला रात्रभराचे दोनशे मेसेज उपसावे लागत नाहीत, हवे ते दोन टॉपिक वाचतो आणि उत्तर देतो. चर्चा भरकटली की तेवढे मेसेज उचलून दुसऱ्या टॉपिकमध्ये टाकता येतात, हे तर मी रोज करतो, घरात पसारा आवरल्यासारखं. चॅनेल खुलं ठेवलं तर लॉगिनशिवायही वाचता येतं.

पण टूल आणलं की शिस्त येत नाही. पहिला महिना टॉपिकची नावं काय, तर 'डाउट', 'अजून एक डाउट'. आणि कॉलवर ठरवायची खोड आहेच, म्हणून आता नियम केलाय, टॉपिकमध्ये नाही लिहिलं तर ठरलंच नाही.

आणि झुलिपवरही निकाल ठेवायचा नाही हं! रस्ट ही प्रोग्रामिंगची भाषा बनवणारे झुलिपवर भरपूर बोलतात पण मोठा बदल असला की आरएफसी, म्हणजे लेखी प्रस्ताव, गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर जाते, शेवटी 10 दिवस हरकतींसाठी. आम्ही तेच ढापलं, फक्त पाच दिवस ठेवले, दहा दिवसांत आमची मंडळी विषयच विसरतात. रेपोमध्ये, म्हणजे जिथे कोड राहतो तिथेच, 'निर्णय' फोल्डर, एक पानी फाइल : काय ठरलं, काय नाकारलं, का, आणि टॉपिकची लिंक.

गेल्या आठवड्यात एकाने सुचवलं, झेडडब्ल्यूजे सरळ उडवूनच टाकू ना. मी काही न बोलता फाइलची लिंक टाकली. त्यात ओळ आहे : उडवला तर दऱ्याखोऱ्यांतल्या 'दऱ्या'चा समुद्रवाला 'दर्या' होतो. दोन मिनिटांत त्याचा अंगठा आला.