तोल जातोय? सीटी, एमआरआय की आधी डोळे

रावेरकडे आमचे मामा केळीच्या बागेत पाटाच्या कडेने चालताना झोकांड्या खायला लागले. लोकं म्हणाली पिऊन आले, आणि मामा तर सुपारीलाही हात लावत नाहीत. मग चष्मा बदलला, मग एका ठिकाणी सीटी काढला, रिपोर्ट नॉर्मल, दोन महिने आम्ही निवांत. म्हणून लिहितोय.

सीटी पाच-दहा मिनिटांत होतो, स्वस्त पडतो, रक्तस्राव लगेच दाखवतो. पण तोल सांभाळणारा लहान मेंदू जाड हाडांच्या खोबणीत बसलेला, तिथल्या फोटोत पट्टे येतात आणि हळूहळू आक्रसणारा भाग सुरुवातीला निसटू शकतो. अचानक तोल गेला, उलट्या, डोकं फुटतंय असं असेल तर मात्र घरी बसून तुलना करू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

एमआरआयला अर्धा तास ठकठक सहन करावी लागते, पेसमेकर असेल तर आधी सांगायचं. लहान मेंदू आणि पॉन्स (मेंदूच्या देठाचा भाग) किती सुकलेत ते यात नीट कळतं. पण सुरुवातीला हाही नॉर्मल येऊ शकतो, आणि फ्रेडरिक अटॅक्सिया या तोल घालवणाऱ्या आनुवंशिक आजारात तर लहान मेंदूपेक्षा मानेतला मज्जारज्जू बारीक झालेला आधी दिसतो, त्यामुळे मानेचाही काढायचा का ते डॉक्टरांना विचारा.

आता डोळे. फुकटची तपासणी, पण माझ्या मते सगळ्यात बोलकी. बाजूला बघताना नजर टिकत नाही, सरकते आणि झटक्याने परत येते, तो निस्टॅग्मस. नजर खाली झटके देत असेल तर जिना उतरताना, वाचताना त्रास, एससीए ६ मध्ये हे बऱ्याचदा दिसतं (एससीए म्हणजे स्पायनोसेरेबेलर अटॅक्सिया, तोल घालवणारे आनुवंशिक आजार, आकडा त्यातला प्रकार). नजरेची उडी ठरल्या जागेच्या पुढे जाऊन परत येते, हेही लहान मेंदूचंच काम. आणि उडीच संथ झाली असेल तर एससीए २ चा संशय येतो. संथ नजरेच्या या आजाराची भारतातली नऊ कुटुंबं वाडिया आणि स्वामी यांनी १९७१ मध्येच नोंदवली होती!

मामा रस्ता ओलांडताना अख्खी मान वळवायचे, आम्हाला वाटायचं मान धरलीय. जळगावच्या न्यूरोलॉजिस्टनी दोन पेनं समोर धरून इकडे बघा तिकडे बघा केलं आणि दोन मिनिटांत घरात अजून कोणाला आहे का म्हणून विचारलं.

तर आधी न्यूरोलॉजिस्टला डोळे दाखवा, मग एमआरआय, बी१२ आणि थायरॉईडही करा, फिटची गोळी चालू असेल तर सांगा, फेनिटॉइननेही असंच होतं. जीन टेस्ट सांगितली तर रिपीट (जीनमधला परत परत येणारा तुकडा) मोजणारीच आहे ना ते विचारून घ्या, साधी एक्सोम टेस्ट (बरेच जीन एकदम वाचणारी) एससीए २ सहसा पकडत नाही आणि पैसे जातात ते वेगळेच.