कॉमेटसाठी सिरॅमिकची गुहा: पाचपैकी चार तारे

कॉमेट, म्हणजेच मरीन बेट्टा, हा खाऱ्या पाण्यातला मासा टाकीत पाळणाऱ्यांसाठी लिहितेय. काळ्या अंगावर पांढरे ठिपके, आणि लाजाळू इतका की दिवसा दर्शन दुर्मीळ. त्याच्यासाठी ही दोन तोंडांची गुहा घेतली. दोन तोंडं हाच तिचा खरा गुण: आत पाणी कोंडत नाही, घाण साचत नाही, माशाला मागच्या दाराने सटकता येतं. मासा 20 सेंटिमीटरपर्यंत वाढतो, तेव्हा मोठाच आकार मागवा.

घाबरला की हा डोकं गुहेत खुपसतो आणि शेपटी बाहेर ठेवतो. पाठीच्या पराच्या मागच्या टोकाशी डोळ्यासारखा ठिपका असतो, त्यामुळे मोरे ईल, म्हणजे सापासारखा लांब शिकारी मासाच, तोंड काढून बसलीय असं वाटतं. गुहेचं तोंड टाकीच्या समोरच्या काचेकडे ठेवलं की हे नाटक छान दिसतं. माझे पैसे तिथेच वसूल!

एक तारा कापला तो कडांसाठी. फारच धारदार. ओल्या सँडपेपरने घासून, धुऊन मगच आत ठेवा. वाळूवर नको, थेट तळाच्या काचेवर टेकवा. वाळू सरकली की कलंडते. खाणं दिवे मंदावल्यावर, गोठवलेली मायसिस कोळंबी गुहेच्या तोंडाशी. टाकीत चिमुकले मासे किंवा जिवंत कोळंबी असतील तर मात्र हा मासा आणूच नका, रात्री फस्त करेल.